सगळ्यात मोठ्या खोक्याचं भांडण

ताई, तुमच्या सोसायटीच्या गेटवर तुझा फ्लेक्स लावलाय, त्यावरचा फोटो मला अजिबात आवडलेला नाही. कुठल्यातरी सत्काराचा आहे. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि तोंड असं की हा नारळ कधी एकदा खाली ठेवते असं झालंय. खाली लिहिलंय, 'शांत व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व'. शांत! आणि तू! मी तिथं वॉचमनसमोरच फस्सकन हसले. मग हसणं काही केल्या थांबेना, तेव्हा दाजींनी दंडाला धरून मला आत नेलं.

अजून तुझा महिनाही झालेला नाही. घरात माणसं येताहेत, बसताहेत, उठताहेत. मी चहा टाकते आणि ऐकून घेते. परवा तुमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "नशीबवान बाई, झटक्यात गेल्या, त्रास नाही झाला." मी म्हटलं, "आम्हाला झाला ना." काकूंनी बिस्किट बशीत परत ठेवलं. तू असतीस तर मला डोळे वटारले असतेस, आणि त्या गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन पोट धरून हसली असतीस.

मला तुझा राग आलाय. दुःख वगैरे आहे, ते आहेच, पण सध्या राग त्याच्या पुढे उभा आहे. दिवाळीपासून डोकं दुखतंय म्हणून ओरडत होतीस. बीपीच्या गोळ्या डब्यात होत्या, डबा पर्समध्ये होता, पर्स खांद्याला होती, आणि गोळी घ्यायला तुला वेळ नव्हता. का? तर पोर्शन मागे पडलाय. बारावीची मुलं आहेत. 'हा एक धडा संपू दे, मग जाते डॉक्टरकडे.' तो धडा कुठला, तर मॅक्झिमा-मिनिमा. कमाल आणि किमान. ठरलेल्या तारेत जास्तीत जास्त जागा कशी घेरायची, ठरलेल्या पत्र्यात जास्तीत जास्त पाणी मावेल असा डबा कसा करायचा. आयुष्यभर पोरांना सांगत राहिलीस की गणित सोडवायच्या आधी अटी लिहा, अट विसरलात की उत्तर गेलं. आणि स्वतःच्या अंगाची एवढी एक अट तुला लिहिता आली नाही! त्या गुरुवारी तास संपवून स्टाफरूममध्ये आलीस, खुर्चीवर बसलीस, आणि संपलं. धडा अर्धाच राहिला तो राहिलाच.

हा धडा मला तूच शिकवलास. दापोडीची आपली खोली, शेजारून जाणारी गाडी, आणि गाडी गेली की मांडणीतल्या ताटल्यांचा आवाज. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गणितात आपटले होते. आई म्हणाली, "राहू दे की, शिलाई मशीन घेऊ." तू तेव्हा एमएस्सी करत होतीस. फळीवरून जुन्या लग्नपत्रिका काढल्यास, चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या, आणि माझ्यापुढे टाकल्यास. कात्री दिलीस. म्हणालीस, "चारी कोपऱ्यांतून सारखे चौकोन काप. बाजू वर दुमड. डबा होतो की नाही?" झाला. "आता दुसरी घे, मोठे चौकोन काप." तोही झाला. असे लहानमोठे डबे केले आणि तू प्रत्येकात ज्वारी भरून बघायला लावलीस. लहान चौकोन कापला तर डबा पसरट, ताटलीसारखा, मावतंय थोडं. फार मोठा कापला तर डबा उंच पण चिंचोळा, तरी मावतंय थोडं. मधेच कुठेतरी एक डबा होता, त्यात सगळ्यात जास्त ज्वारी गेली.

"तो नेमका कुठला, हे सगळे डबे न कापता सांगता येतं," तू म्हणालीस. "मावणं वाढत वाढत जातं, मग कमी व्हायला लागतं. जिथं वाढायचं थांबतं आणि कमी व्हायचं अजून सुरू झालेलं नाही, तिथं चढ शून्य. चढ म्हणजेच डेरिव्हेटिव्ह, ते शून्य टाक, उत्तर येतं."

मला तोपर्यंत डेरिव्हेटिव्ह म्हणजे पाठ करायची काहीतरी ब्याद वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ते कशासाठी आहे. आई बाहेरून आली आणि खोलीभर ज्वारी बघून कपाळाला हात लावला. "काय करायलाव गं पोरीहो? जेवायचं धान्य हाय त्ये!" आपण दोघी गुडघ्यावर बसून ज्वारी वेचत होतो आणि हसत होतो. मी त्यामुळेच पास झाले, ताई. हे मी तुला कधी धड सांगितलं नाही. तू पण कधी ऐकून घेतलं नसतंस म्हणा, लगेच म्हणाली असतीस की पास काय होतेस, अजून मार्क यायला हवे होते.

पुढं तू कॉलेजात लागलीस आणि दर वर्षी वर्गात हाच खेळ केलास. ज्वारीऐवजी साबुदाणा आला एवढंच. लग्नसराई संपली की पाहुण्यांकडून, शेजाऱ्यांकडून पत्रिका गोळा करायचीस. लोकांना वाटायचं, बाईंना केवढी आठवण, पत्रिका जपून ठेवतात. पोरंपोरी कापायची, चिकटपट्टी लावायची, साबुदाणा भरायची, फिजिक्सच्या लॅबमधून आणलेल्या नळकांड्यात मोजायची, आणि फळ्यावर एकेक ठिपका द्यायची. ठिपके जोडले की टेकडी दिसायची. एकदा कुणाच्यातरी डब्याच्या बुडाशी नेमकं नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव आलं आणि वर साबुदाणा पडायला लागला, तर वर्ग केवढा हसला होता म्हणून तू मला रात्रीचं जेवण विसरून फोनवर सांगत बसली होतीस.

आणि भांडण? ते मी चाकणला लागले तेव्हापासून सुरू झालं. मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत, डिझाइनला. गाड्यांचे सुटे भाग ज्यात भरून जातात ते खोके आम्ही करतो. पहिल्याच दिवाळीत मी तुला म्हटलं, "ताई, तुझं ते कोपरे कापायचं गणित साफ खोटं आहे. जगात कुणी असा डबा करत नाही. झाकण कुठाय? आणि कापलेले चौकोन काय फेकून द्यायचे? आमच्या साहेबानं मला त्या चौकोनांच्या मागोमाग बाहेर फेकलं असतं." तू करंजी खात होतीस. करंजी खाली ठेवून म्हणालीस, "रेखे, गणिताला गणित राहू दे. तुझ्या साहेबाला परीक्षेला बसायचं नाहीये."

तिथून जे लागलं ते लागलंच. बारशाला, मुंजीला, मामाच्या वर्षश्राद्धाला, जिथं भेटू तिथं. तू म्हणायचीस, मी गणिताचा पार किराणा केला. मी म्हणायचे, तू पोरांना हवेतले डबे करायला शिकवतेस. दाजी पेपर तोंडापुढे धरून बसायचे. आई म्हणायची, "कशाला भांडायलाव? खोकाच हाय की त्यो." मला वाटतं आपण दोघींनी संसाराचं, पैशाचं, आजारपणाचं असं काही एकमेकींशी कधी मोकळेपणी बोललोच नाही. सगळं या खोक्यांतूनच बोललो. तुझं लेकीवरून दाजींशी बिनसलं होतं तेव्हा तू फोन करून मला अर्धा तास शंकूत मावेल अशा सगळ्यात मोठ्या नळकांड्याचं गणित समजावत होतीस, आणि मला सगळं समजलं होतं.

तो शेवटचा रविवार आठव. आठव म्हणजे, मीच आठवते. तू दापोडीला आलीस, आईसाठी पेरू घेऊन. मी मुद्दाम तुझ्यासाठी एक गणित तयार ठेवलं होतं. कंपनीतून एक खोका आणला होता, उलगडून जमिनीवर पसरला आणि तुला नीट, परत एकदा सांगते, नीट दाखवलं. हा आख्खा पुठ्ठा, एकशे ऐंशी सेंटिमीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद. हा लांबीत चार घड्या घालून गोल फिरतो, त्याच्या चार भिंती होतात. म्हणजे खोक्याची लांबी दोनदा आणि रुंदी दोनदा मिळून एकशे ऐंशी. आता नव्वदातली मधली पट्टी म्हणजे उंची, आणि वर-खाली जी उरते ती झाकणं. दोन्हीकडून झाकणं येऊन मधोमध भिडायला पाहिजेत, म्हणजे वर अर्धी रुंदी, खाली अर्धी रुंदी. उंची आणि एक रुंदी मिळून नव्वद. चिकटवायची पट्टी सोडून दे, पुठ्ठ्याची जाडी सोडून दे, तुझ्यासाठी तेवढी सूट. कोपरे कापायचे नाहीत, काही फेकायचं नाही. सांग, जास्तीत जास्त माल मावायला खोका कसा पाहिजे?

तू खाली बघितलंस सुद्धा नाही. पेरू कापता कापता म्हणालीस, "घन. पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस. ठरलेल्या कागदात सगळ्यात जास्त घनाचंच मावतं. याला गणित कशाला?"

मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. करून बघ."

तेव्हा तू वर बघितलंस. तुझ्या नाकपुड्या फुगल्या. लहानपणी कॅरममध्ये राणी सुटली की फुगायच्या तशा. "रेखे, मी हे बावीस वर्षं शिकवतेय." मी म्हटलं, "मग करायला काय होतंय?" तू म्हणालीस, "करते. घरी जाऊन करते. इथं तू तोंडाकडे बघत बसशील." पेरूला तिखटमीठ लावायचं पण विसरलीस. तुमच्या चिखलीच्या बसमध्ये चढताना सुद्धा मागं वळून म्हणालीस, "घनच येणार." लोक बघत होते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी माझ्या शिफ्टमध्ये तुझा फोन आला. तुला लाख वेळा सांगितलं होतं की शिफ्टमध्ये फोन करत जाऊ नको. कापायचं मशीन सुरू असलं की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मला एवढंच ऐकू आलं, "रेखे, तुझं ते खोक्याचं..." आणि पुढं सगळी घरघर. मी ओरडले, संध्याकाळी कर! संध्याकाळी मी केला तर तू जादा तासाला. मग गुरुवार.

तुझं ते खोक्याचं काय, ताई? सापडलं? चिडलीस? का अजून घनावरच अडून होतीस? दिवसकार्य झाल्यावर मी वेड्यासारखं सगळ्यांना विचारलं. दाजींना विचारलं, ते म्हणाले, ती माझ्याशी गणितावर बोलत नसे. तुझ्या कॉलेजातल्या बाईंना विचारलं, त्यांना वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलंय, त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. कुणाला काही माहीत नाही. माणूस गेलं तर गेलं, पण उत्तर घेऊन जातं हे कुठलं वागणं? मी कुणाकडे दाद मागू?

अस्थी आणायला जायचं तेव्हा मडकं कोण आणणार असा प्रश्न निघाला. दाजी म्हणाले, "रेखा आणेल, तिला साईज कळते." ते बिचारे चांगल्या मनानंच म्हणाले. रोज मी हेच करते ना. वस्तू केवढी, खोका केवढा, भोवती किती जागा सोडायची म्हणजे वस्तूला धक्का बसणार नाही. मी आळंदी रस्त्याच्या कुंभाराकडे उभी राहिले आणि हाताला सवय लागलीय तसं, भोवती भरपूर जागा सोडून मडकं घेतलं. तिथं गेल्यावर ताई, तू केवढीशी निघालीस. मडक्याच्या बुडाशी एवढीशी. उचललं की आतल्या आत हलायचं. चुलते म्हणाले, "एवढं मोठं कशाला आणलं गं?" आमच्या कंपनीत माल असा आत हलला तर आख्खी गाडी परत येते. मी ओढणी काढून आत कोंबली, बाजूंनी, चांगली दाबून, म्हणजे तू हलणार नाहीस. गुरुजी काहीतरी म्हणायला आले होते, माझं तोंड बघून परत गेले. मी तिथं रडले. त्याआधी आणि त्यानंतर तशी रडलेली नाही.

पण तुझी अनू रडली नाही. आता ऐक, हे महत्त्वाचं आहे, आणि यासाठीच मी एवढा वेळ तुझ्याशी बोलतेय.

अनूची बारावी आहे हे तुला काय सांगायचं. परीक्षा डोक्यावर आली. पोरगी फिजिक्स करते, केमिस्ट्री करते, वेळेवर जेवते, बापाचा डबा भरते, आलेल्या बायकांना पाणी देते. सगळ्या म्हणतात, काय धीराची आहे. मला त्या धीराची भीती वाटायला लागली. कारण गणित ती उघडत नाही. बाकीचे धडे तरी चाळते, पण तुझा धडा आला की पुस्तक मिटवून उठते. दाजींनी समजावलं, तर म्हणाली, "बाबा, मी गणिताचा पेपर देणार नाही." एवढ्या शांतपणे म्हणाली की दाजी पहिल्यांदा तोंडापुढचा पेपर खाली ठेवून माझ्या दारात आले. "रेखा, तूच काहीतरी कर. माझं ती ऐकत नाही, आणि बाहेरचा मास्तर लावू म्हटलं तर खोलीचं दार लावून घेते." पेपर दिला नाही तर वर्ष जाणार, इंजिनिअरिंग जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे तू आणि गणित दोन्ही मिळून तिच्या मनात एक कुलूप होऊन बसणार. मग ते कोण उघडणार? मी?

गेले काही रविवार मी चिखलीला जाऊन प्रयत्न केले. गोड बोलून बघितलं. "आईला काय वाटेल" हे मी म्हणणार नव्हते, पण तेही एकदा तोंडून निघालं. ती म्हणाली, "मावशी, आईला आता काही वाटत नाही." झालं. तुझी लेक आहे, वर्मावर बोट ठेवायला तिला शिकवावं लागत नाही. येताना बसमध्ये मी तुला इतक्या शिव्या घातल्या की शेजारची बाई सरकून बसली.

काल रविवार. काल मी समजावणं सोडून दिलं. माझ्याकडून होत नाही ते, मी काय मास्तरीण नाही. दुपारची जेवणं झाली, दाजी आडवे झाले. मी कंपनीतून आणलेला खोका उलगडून हॉलमध्ये पसरला आणि आपली एकटीच बडबडत बसले, माणसांचा राग भांड्यांवर काढल्यासारखी. अनूनं विचारलं, "काय करतेयस?"

मी म्हटलं, "काही नाही. तुझ्या आईचं आणि माझं भांडण राहिलंय."

"कसलं?"

मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, भिंती, झाकणं. "तुझी आई म्हणाली घन. मी म्हटलं नाही."

ती म्हणाली, "आई न करता सांगणारच नाही."

"सांगितलं. पेरू कापता कापता."

"शक्यच नाही. तूच काहीतरी वेगळं विचारलं असशील."

"मग तू कर आणि दाखव की घन येतो."

"येणारच!" म्हणाली, आणि ताई, तुझ्यासारख्याच नाकपुड्या. खोक्याच्या झाकणावरच पेन टेकवलं. रुंदीला एक्स धरला. लांबी नव्वद वजा एक्स. उंची, ती पण नव्वद वजा एक्स. तिन्हींचा गुणाकार. मग डेरिव्हेटिव्ह. हात थांबला नाही पोरीचा, सगळं डोक्यात तयार आहे, तू घोटून घेतलेलं. शून्य टाकलं. दोन उत्तरं आली. एक नव्वद. ती पुटपुटली, "नव्वद म्हणजे लांबीच उरत नाही, खोकाच नाही. हे सोडायचं." दुसरं तीस.

ती बघत राहिली. परत केलं. परत तीस. रुंदी तीस, लांबी साठ, उंची साठ. मग तिनं किती मावतं ते काढलं. एकशे आठ लिटर. मग तुझा घन काढला. एक्क्याण्णव लिटर आणि वर चिल्लर. तिनं पेन ठेवलं.

"आई चुकली," ती म्हणाली.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. एवढी वर्षं भांडले, एकदा तरी तुला चीत केलं. पण कसलं बरं आणि कसलं काय. समोर तू नाहीस तर जिंकून करू काय मी?

मग तिनं परत खोक्याकडे बघितलं आणि तिचा आवाज चढला. "नाही, थांब. आई झाकणं एकावर एक येतात हे धरतच नव्हती. सहा बाजू, प्रत्येकीला एकच थर पुठ्ठा असा खोका असेल तर घनच बरोबर आहे. तुझ्या खोक्यात वर-खाली आतली झाकणं दुहेरी पडतात, तिथं पुठ्ठा फुकट जातो. म्हणून पातळ खोका जिंकतो. आईचं चुकलं नाही, आईनं अट वेगळी धरली. तू प्रश्न नीट सांगितला नसशील!"

"मी जमिनीवर पसरून दाखवला होता!" मी पण चढले. "तिनं खाली बघितलं नाही!"

"तू तिला बघायला लावायचं होतंस!"

दाजी उठून दारात आले. आम्ही दोघी खोक्याच्या दोन बाजूंना गुडघ्यावर बसून एकमेकींवर ओरडत होतो. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आल्यापावली आत गेले.

मी तिला बुधवारच्या फोनचं सांगितलं. मशीनचं, घरघरीचं. म्हटलं, "तिनं सोडवलं असेल का गं? तेच सांगायला फोन केला असेल. चुकले म्हणून."

अनूनं माझ्याकडे असं बघितलं की मी काय वेड्यासारखं बोलतेय. "आई? चुकले म्हणून फोन करेल? मावशी, ती तुला सांगणार होती की तुझा प्रश्नच चुकीचा आहे."

आम्ही हसलो. ती हसता हसता वाकली, कपाळ खोक्यावर टेकलं, आणि मला वाटलं अजून हसतेय. खांदे हलत होते. मग आवाज आला. ताई, तो आवाज मी सांगत नाही. लहानपणी पडली तरी ही पोरगी अशी रडली नव्हती. "मला आईशी भांडायचंय," म्हणाली, "मला तिला दाखवायचंय हे." मी काय सांगणार होते? उगी उगी म्हणाले नाही. मलाही तेच हवं होतं. मी पण तिच्या शेजारी आडवी झाले, तिथंच, पुठ्ठ्यावर.

पेपरचं म्हणशील तर देणार म्हणाली. आज सकाळी पुस्तक घेऊन बसलीय असा दाजींचा फोन आला, दोनदा आला. शंकूच्या आतल्या नळकांड्याचं गणित अडलंय, मावशी येईल का म्हणून विचारते. जाईन. मला ते नीटसं येत नाही, ते तुझं होतं.

पण तुझ्याशी माझं मिटलेलं नाही. सगळे सांगतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरणार. तीस येतं, ताई. तीस, साठ, साठ. तुझ्या पोरीनं तुझी बाजू घेऊन सोडवलं तरी तीसच येतं. चुकली होतीस तू. निदान एवढं ऐकायला तरी थांबायचंस.